उत्तरेकडच्या लेक्सवर स्मॉलमाऊथ बास: बर्फ वितळल्यापासून पुन्हा बर्फ धरेपर्यंत

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, ओंटारियो ह्या पट्ट्यात राहणारी आपली मंडळी उन्हाळ्यात एकदा तरी केबिन घेऊन लेकवर जातातच, आणि डॉकवरून पोरांना सनफिश पकडून देण्यापलीकडे बहुतेकांचं फिशिंग जात नाही. पण बऱ्याचदा त्याच डॉकसमोर थोडं पुढे, जिथे पाण्याखाली दगड आहेत, तिथे स्मॉलमाऊथ बास असतो, आणि दोन-तीन पौंडांचा जरी गळाला लागला ना तरी दोनतीनदा पाण्याबाहेर उडी मारतो, बोटीखाली घुसतो, रॉड पार वाकवतो. गोड्या पाण्यात वजनाच्या मानाने इतकं झुंजणारा मासा मी तरी दुसरा बघितला नाही. तो कधी कुठे सापडतो आणि कधी त्याला अजिबात हात लावायचा नाही, हे एका जागी लिहितोय.

आधी ओळख. अंग ब्राँझ किंवा हिरवट तपकिरी, अंगावर उभे गडद पट्टे, डोळा बऱ्याचदा लालसर. लार्जमाऊथ म्हणजे ह्याचाच भाऊबंद, त्याचा जबडा तोंड मिटल्यावर डोळ्याच्याही मागे जातो, ह्याचा डोळ्याच्या खालीच संपतो. लार्जमाऊथला गवत, कमळाची पानं, गढूळ कोपरे आवडतात, ह्याला दगड, खडी आणि थंड स्वच्छ पाणी. त्यामुळे नकाशावर लेक बघताना सगळ्यात आधी दगड कुठे आहेत ते शोधा, किनाऱ्यावर मोठे दगड दिसत असतील तर बहुतेक वेळा तेच पाण्याखाली पुढे गेलेले असतात.

आता मुख्य मुद्दा. लोक विचारतात मे मध्ये जाऊ की जूनमध्ये, पण माशाला तारीख कळत नाही, त्याला पाण्याचं तापमान कळतं. उत्तर मिनेसोटात एखाद्या वर्षी एप्रिलमध्येच बर्फ जातो, एखाद्या वर्षी फिशिंग ओपनरला, म्हणजे सीझनच्या पहिल्या दिवशी, लेकवर अजून बर्फ तरंगत असतो, आणि तिथून चार-पाच तास दक्षिणेला त्याच दिवशी पाणी कितीतरी गरम असतं. म्हणून बोटीवर सोनार (पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) असेल तर त्यावरचा आकडा बघायचा आणि नसेल तर दोरीला बांधून सोडायचा साधा थर्मामीटर घ्यायचा, अगदी स्वस्तात मिळतो. खालचे सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत, ओंटारियोवाल्यांसाठी एवढंच की ५० म्हणजे १० सेल्सियस आणि ६० म्हणजे साधारण साडेपंधरा.

लायसन्स आणि नियम हे त्याच्याही आधी. मिनेसोटात १६ वर्षांपासून पुढे लायसन्स लागतं, ओंटारियोत १८ ते ६४ वयाच्या रहिवाशांना आउटडोअर्स कार्ड आणि लायसन्स दोन्ही. आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि त्यांच्या हातात रॉड देणार असाल तर ते ६५ च्या वरचे असले तरी ओंटारियोत सूट मिळत नाही, ती कॅनडात राहणाऱ्यांसाठी आहे, त्यांच्यासाठी नॉन-रेसिडेंट लायसन्स काढा. दक्षिण ओंटारियोच्या बऱ्याच भागांत बासचा सीझन जूनच्या उत्तरार्धात उघडतो, आणि सीझन बंद असताना मुद्दाम बास पकडणं, पकडून सोडणंसुद्धा, चालत नाही. मिशिगनमध्ये पकडून लगेच सोडायला वर्षभर परवानगी आहे पण घरी न्यायचा सीझन वेगळा. मिनेसोटातही पकडून सोडण्याच्या आणि ठेवण्याच्या तारखा वेगवेगळ्या. नियम बदलत राहतात, आणि एकेका लेकचे वेगळे नियम असतात, त्यामुळे दरवर्षी त्या राज्याचं चालू नियमपुस्तक उघडून आपल्या लेकचं नाव शोधायचंच.

सामान फार लागत नाही. ७ फुटी स्पिनिंग रॉड, मीडियम किंवा मीडियम लाइट, टोक फास्ट, म्हणजे फक्त टोकाशी वाकणारं. २५०० साइजचं रील. त्यावर १० पौंडांची ब्रेडेड (विणलेली) लाईन आणि पुढे ८ पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे पाण्यात सहसा न दिसणारा दोरीचा पुढचा तुकडा, सात-आठ फूट, डबल युनी गाठ मारून. पाणी स्वच्छ असतं म्हणून लीडर पाहिजेच, जाड रंगीत लाईन सरळ आमिषाला बांधली तर मासा मागे मागे येतो आणि बोटीजवळून परत फिरतो. रीलचा ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा लाईन सुटू देणारा ब्रेक) थोडा सैल ठेवा कारण हा मासा बोटीशेजारी आल्यावर शेवटची मुसंडी मारतो आणि घट्ट ड्रॅगवर लाईन नेमकी तिथेच तुटते. पोलराइज्ड गॉगल घ्याच, त्याशिवाय पाण्याखालचे दगड दिसत नाहीत. आणि शिशाऐवजी टंगस्टनची वजनं घेतली तर उत्तम, शिसं गिळून लून पक्षी मरतात आणि ज्या लेकवर आपण जातो तिथेच ते राहतात.

आमिषांमध्ये नवीन माणसाला एकच सांगायचं तर नेड रिग. मश्रूमसारख्या टोपीचं छोटं जिगहेड (वजन जोडलेला हुक), १/१० औंसाचं, त्यावर पावणेतीन इंची मऊ प्लॅस्टिकचा तुकडा, हिरवा किंवा तपकिरी. बस. दगडांवर टाकायचं, तळाला जाऊ द्यायचं, मग रॉडचं टोक हळूच उचलून एक फूट सरकवायचं आणि थांबायचं. तुकडा तळावर उभा राहतो, क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा झिंगा, नांगी वर करून उभा राहावा तसा. मासा घेतो तेव्हा झटका बसेलच असं नाही, बऱ्याचदा फक्त लाईन बाजूला सरकायला लागते किंवा दोरीला ओली चिंधी अडकल्यासारखं जड लागतं. तेव्हा जोरात हिसका मारू नका, बारीक हुक आहे, नुसतं रील फिरवत रॉड मागे घ्या, तो स्वतःच अडकतो. दगडांत अडकून जिगहेड्स जाणार हे धरूनच चालायचं, अडकत नसेल तर आपण चुकीच्या जागी टाकतोय.

बर्फ गेल्यावर पाणी चाळिशीत असतं तेव्हा मासे अजून हिवाळ्यातल्या खोल जागेच्या जवळपास असतात, सुस्त. ४८ ते ५५ च्या दरम्यान ते उथळ भागाच्या अलीकडे, जिथे तळ पहिल्यांदा खाली उतरतो त्या कडेला येऊन थांबतात. लेकच्या उत्तरेकडच्या खाड्या आधी तापतात कारण दक्षिणेकडून ऊन येतं आणि उत्तरेचा थंड वारा तिथे लागत नाही. ह्या दिवसांत पहाटे उठायची काही गरज नाही, दुपारी दोन ते पाच सगळ्यात चांगलं, कारण दोन-तीन डिग्रीनेसुद्धा फरक पडतो. जर्कबेट (लांबट, माशासारखं कडक आमिष) टाका, दोन हलके झटके आणि मग थांबा, थंड पाण्यात पाच-दहा सेकंद थांबा, मासा त्या थांबण्यातच घेतो. दुसरं म्हणजे काळ्या पिसांचा छोटा हेअर जिग, लांब फेकून काहीही न हलवता सावकाश गुंडाळत आणायचा. दिसायला अगदीच साधा, पण थंड स्वच्छ पाण्यात त्याच्यासारखं दुसरं काही चालत नाही.

६० च्या आसपास अंडी घालायचा काळ सुरू होतो आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे. नर खडीवर शेपटीने झाडून गोल जागा साफ करतो, साधारण दोन-तीन फूट रुंद, शक्यतो मोठ्या दगडाच्या किंवा ओंडक्याच्या आडोशाला, दोन ते दहा फूट पाण्यात. गॉगल लावून बोटीतून बघितलं तर आजूबाजूच्या काळपट तळावर तो गोल फिकट चमकतो आणि त्यावर एक मासा एकटाच घिरट्या घालताना दिसतो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढे अंडी फुटेपर्यंत आणि नंतर काळी काळी पिल्लं पांगेपर्यंत, काही आठवडे, नर एकटा राखण करतो, त्या काळात नीट खातही नाही. त्याच्यासमोर काहीही टाकलं तरी तो अंगावर येतो, भूक म्हणून नाही तर घरट्यावरून हाकलायला. म्हणजे पकडायला सोप्पा. पण त्याला दोन मिनिटं जरी बोटीत घेतलं तरी तेवढ्यात पर्च आणि सनफिश येऊन अंडी साफ करतात, आणि ग्रेट लेक्समध्ये तर राउंड गोबी नावाचा परदेशातून आलेला छोटा मासा आहे, तो टपूनच बसलेला असतो. ओंटारियोत सीझन उशिरा उघडायचं कारण हेच. जिथे कायदा परवानगी देतो तिथेही मी घरट्यावरच्या नराला आमिष टाकत नाही आणि तुम्हीही टाकू नका, घरटं दिसलं की पुढे जा. त्याच लेकमध्ये खोल कडेला अजून वर न आलेले मासे असतात, त्यांच्या मागे लागा, नाहीतर ते दोन-तीन आठवडे वॉलाय आणि क्रॅपी हे दुसरे मासे पकडा.

अंडी झाल्यावर काही दिवस मासे थकलेले आणि विखुरलेले असतात. मग जूनअखेर मेफ्लाय बाहेर पडतात, ते किडे पाण्यावर पसरलेले दिसले की मासे वर बघत असतात, तेव्हा पॉपर किंवा कुठलंही पाण्यावर चालणारं आमिष संध्याकाळी टाका. ते मासा घेतो तो आवाज एकदा ऐकाच. एकच काळजी, पाणी उसळलेलं दिसलं की लगेच ओढायचं नाही, रॉडवर वजन जाणवू द्यायचं आणि मग ओढायचं.

जुलै-ऑगस्टला पाणी सत्तरीत जातं आणि मासे मोकळ्या पाण्यातल्या दगडी रीफवर (पाण्याखालच्या खडकाळ रांगांवर) आणि उंचवट्यांवर जातात, १२ ते २५ फूट. मिनेसोटातला मिल लॅक्स ह्यासाठी प्रसिद्ध, १,३२,००० एकरांचा लेक, सगळ्यात खोल जागा जेमतेम ४२ फूट आणि मध्ये ठिकठिकाणी दगडी रीफ, २०१६ आणि २०१७ साली बासमास्टर ह्या बास फिशिंगच्या स्पर्धामालिकेची अँगलर ऑफ द इयर चॅम्पियनशिप तिथेच झाली. अशा लेकवर नकाशाच्या ॲपमध्ये खोलीच्या रेषा एकमेकींजवळ आलेल्या जागा शोधा, आणि त्यातही वारा ज्या बाजूला आपटतोय ती बाजू. वारा लाटांनी उजेड तोडतो, छोटे मासे दगडांवर ढकलतो, आणि स्मॉलमाऊथ तिथे खायला येतो. आरशासारखं शांत पाणी आणि स्वच्छ निळं आकाश, विशेषतः थंड वाऱ्याची लाट येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी, हा सगळ्यात अवघड दिवस. तेव्हा ड्रॉप शॉट काढा, वजन खाली, हुक फूटभर वर, आणि जागच्या जागी नुसतं थरथरवा. लेक सेंट क्लेअर आणि ईरीच्या बाजूला १९८८ नंतर झेब्रा मसल्स, म्हणजे बाहेरून आलेले छोटे शिंपले, पसरल्यापासून पाणी फारच स्वच्छ झालंय, तिथे लांब कास्ट आणि ६ पौंडांचा लीडर लागतो.

मोठा लेक असेल तर दुपारनंतर ढग बघत राहा. लाइफ जॅकेट अंगात घाला, सीटखाली ठेवू नका. निघताना बोटीचा ड्रेन प्लग काढून सगळं पाणी सोडायचं, मिनेसोटात तसा कायदाच आहे, एका लेकचे मसल्स दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून.

खायचं काय हा प्रश्न आपल्यात येणारच. स्मॉलमाऊथ खायला चालतो, पण उत्तरेकडे तो इतका सावकाश वाढतो की २० इंची मासा बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षांचा असतो, आणि मोठ्या जुन्या माशात पाराही जास्त साठतो. तो परत सोडा. रवा लावून तळायला वॉलाय, पर्च, क्रॅपी कितीतरी चांगले, काटेही कमी, हळद-तिखट-आगळ लावून ठेवलेला वॉलाय तव्यावर सुरमईची आठवण भागवतो. बास सोडताना हात ओले करा, जबड्याला धरून आडवा धरायचा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, फोटो दहा सेकंदात उरका, ज्याला हुक खोल गेलाय त्याचा हुक ओढण्यापेक्षा लाईन कापा.

सप्टेंबरपासून मला सगळ्यात आवडणारे दिवस सुरू होतात. पाणी साठीच्या खाली आलं की मासे पुन्हा खायला लागतात, आणि कळपाने, म्हणजे एक मिळाला की तिथेच अजून असतात. साधारण ५५ ते ५० च्या दरम्यान लेकचं वरचं पाणी खाली आणि खालचं वर येऊन मिसळतं, तेव्हा आठवडाभर काही लेक्सवर मासे जवळजवळ मिळतच नाहीत, शेजारचा लेक करून बघा. त्यानंतर मासे खोल उतारांवर जमतात, तीन इंची स्विमबेट किंवा ट्यूब (दोन्ही मऊ प्लॅस्टिकची आमिषं) तळावरून ओढा, आणि पाणी चाळिशीत गेलं की ब्लेडबेट, म्हणजे चपट्या धातूचं आमिष, तळावरून फूटभर उचलायचं आणि ताणलेल्या लाईनवर खाली सोडायचं. ह्या दिवसांतले मासे वर्षातले सगळ्यात जाड असतात. ईरीत ओंटारियोच्या पाण्यात ग्रेग गॅलाघर ह्यांना १०.१५ पौंडांचा स्मॉलमाऊथ मिळाला तो नोव्हेंबर २०२२ मध्येच.

फक्त खोलीची मर्यादा पाळा. ३०-३५ फुटांखालून वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही, पाठीवर तरंगत राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या खोलीला अख्खा कळप सापडला तरी तिथे टाकू नका, त्याच उतारावर २० ते २५ फुटांत चढून आलेले मासे शोधा, ऊन असेल तर दुपारी दोन-तीन तास ते तिथे हमखास येतात.