क्रिप्टिक क्लू कसा फोडायचा आणि फोडल्यावर दुसऱ्याला कसा समजवायचा

साध्या शब्दकोड्यात 'औषध (२)' असा क्लू, म्हणजे सूचक ओळ, लिहिलेला असतो (कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा), तुम्ही 'दवा' भरता आणि पुढे जाता. क्रिप्टिकमध्ये, म्हणजे शब्दांच्या खेळाने फसवणाऱ्या शब्दकोड्यात, तोच क्लू असा येतो: 'भांडण उलटलं की औषध (२)'. आता इथे भांडण, घर, नवराबायको असलं काही डोक्यात आणायचंच नाही, कारण सेटरला, म्हणजे कोडं रचणाऱ्याला, तेच पाहिजे असतं, की तुम्ही वाक्याचा अर्थ लावत बसाल. भांडण म्हणजे वाद, 'वाद' उलटा वाचा, दवा. झालं.

जवळजवळ प्रत्येक क्लू असाच बनलेला असतो. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, म्हणजे डेफिनिशन, आणि उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरांच्या खेळातून, म्हणजे वर्डप्ले. डेफिनिशन एकतर अगदी सुरुवातीला नाहीतर अगदी शेवटी, मधे कधीच नाही. म्हणून पहिलं काम काय, तर वाक्य दोन्ही टोकांकडून कापून बघायचं, आणि मधले स्वल्पविराम वगैरे सरळ विसरायचे, ते निव्वळ फसवायला ठेवलेले असतात.

(मी उदाहरणं मराठीत रचलीयेत, एका घरात एक अक्षर, काना मात्रा त्या अक्षरालाच चिकटलेली. इंग्रजी कोड्यात खेळ सुट्या लेटर्सचा असतो, पण डोकं तेच चालवायचं.)

मग इंडिकेटर शोधायचा, म्हणजे अक्षरांचं काय करायचं ते सांगणारा शब्द. उलटलं, फिरलं, परतलं दिसलं की उलटं वाचा. ढवळलं, विस्कटलं, बिघडलं, नाचलं असलं काही दिसलं की ॲनाग्राम, म्हणजे तीच अक्षरं वेगळ्या क्रमाने लावायची. 'सरबत ढवळलं, धो धो कोसळत (४)' घ्या, सरबतची चार अक्षरं हलवली की 'बरसत'. यात बरेच जण 'पाऊस'च्या मागे लागतात, पण डेफिनिशन 'कोसळत' आहे ना, मग उत्तरही त्याच जातीचं पाहिजे. क्रियापदाला क्रियापद, नामाला नाम, अनेकवचनाला अनेकवचन. एवढं एक तपासलं तरी निम्मी चुकीची उत्तरं तिथेच गळतात.

लपलेले शब्द सगळ्यात सोपे आणि तरी सगळ्यात जास्त नजरेतून सुटतात, कारण उत्तर डोळ्यासमोर छापलेलं असतं. 'एक मळकट, पण पोटात फूल (३)'. 'पोटात' हा इंडिकेटर, आणि 'एक मळकट'मधली जागा काढून टाका, कमळ सापडेल. डबल डेफिनिशनमध्ये इंडिकेटर नसतोच, दोन अर्थ नुसते शेजारी ठेवलेले असतात, 'सरकारला द्यावा लागतो हात (२)', कर आणि कर. छोटा क्लू असेल आणि काहीच पकडता येत नसेल तर आधी हाच संशय घ्यायचा. होमोफोन म्हणजे ऐकायला सारखे, 'दिवस, ऐकायला गरीब (२)', दिन आणि दीन. मराठीत जसं बोलतो तसं लिहितो म्हणून हे फार जमत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घावर भागवावं लागतं. इंग्रजीत मात्र यांचा सुळसुळाट आहे.

एखादं अक्षर उडवणं हाही नेहमीचा प्रकार. 'शिखर उडालेला डोंगर, उरला सांगाड्याचा तुकडा (२)', डोंगर म्हणजे पहाड, त्याचं पहिलं अक्षर उडालं, हाड.

आता एक क्लू नीट सोलून बघू, कारण समजवायचं कसं ते इथेच कळेल. 'कारस्थानात पहिलं पाऊल टाकलं की कपडे ठेवायची जागा (३)'. उत्तर कपाट, ते बऱ्याच जणांना शेवटच्या तीन शब्दांवरूनच येईल, आणि इथेच गडबड होते, लोक म्हणतात सुटला. नाही सुटला, अंदाज बरोबर आला एवढंच. स्पष्टीकरण असं लिहायचं: डेफिनिशन 'कपडे ठेवायची जागा'. कारस्थान = कट. पहिलं पाऊल = 'पाऊल'मधलं पहिलं अक्षर, पा. टाकलं = आत घातलं. 'की' हा नुसता सांधा. म्हणून क(पा)ट. कंसातलं आत गेलं, बाहेरचं बाहेर, आणि क्लूमधला एकही शब्द हिशोबाबाहेर राहिला नाही. माझ्या मते स्पष्टीकरणाची खरी परीक्षा हीच, शेवटी एक जरी शब्द हातात उरला तर एकतर तुमचं पार्सिंग, म्हणजे क्लूची फोड, चुकलंय नाहीतर सेटरने भरताड घातलंय.

कडक मंडळी या क्लूवर नाक मुरडतील बरं का. 'पहिलं पाऊल' म्हणजे 'पाऊलचं पहिलं अक्षर' होतं का, तर व्याकरणाने नाही होत. हा वाद जुनाच आहे. ब्रिटनमध्ये 'ऑब्झर्व्हर' या वर्तमानपत्रासाठी टॉर्केमाडा या टोपणनावाने १९२६ पासून कोडी यायची, तो सेटर भन्नाट होता पण मोकाट. १९३९ मध्ये त्याच्या जागी झिमेनीस आला आणि त्याने न्याय्य क्लूचे नियम घट्ट केले. १९७२ मध्ये तिथे आलेल्या एझेड या सेटरने त्याचं सार असं सांगितलं की क्लूमध्ये नेमकी डेफिनिशन, न्याय्य वर्डप्ले आणि याशिवाय काहीही नको. टॉर्केमाडा आणि झिमेनीस ही स्पेनमधल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायसभेच्या, प्रमुखांची नावं, आणि एझेड हे त्याच पदावरच्या डेझाचं स्पेलिंग उलटं करून घेतलेलं, म्हणजे नावातसुद्धा उलटं वाचायचा क्लू! आजकाल बरेच सेटर 'पहिलं पाऊल'एवढी सूट घेतात, आणि मला ती चालते, वाक्य गोड होत असेल तर.

इंग्रजी कोडी सोडवायला घेतलीत तर थोडं पाठांतर आहे, त्याला इलाज नाही. खलाशी आला की ए-बी (एबल सीमन) किंवा टार, 'शांत' आलं की पी (संगीतात हळू वाजवायच्या खुणेला पियानो म्हणतात, त्यावरून), रोमन आकडे, दिशांची आद्याक्षरं. आणि 'फ्लॉवर' दिसलं की फूल विसरून नदीचं नाव आठवायचं, कारण ती फ्लो होते म्हणून फ्लॉवर. पहिल्यांदा राग येतो, मग सवय होते.

दुसऱ्याला समजवताना एकदम उत्तर फेकू नका, मजाच जाते. आधी फक्त डेफिनिशन कुठल्या टोकाला आहे ते सांगा, मग इंडिकेटर दाखवा, तरी नाही आलं तर एखादा समानार्थी शब्द, आणि उत्तर सगळ्यात शेवटी. आणि तुम्हालाच अर्धं कळलं असेल तर तसं सरळ लिहा, 'वाद उलटा कळला, बाकीचं कुणी सांगा', ओढूनताणून जुळवलेलं पार्सिंग लगेच ओळखू येतं. ग्रिडमध्ये अशा उत्तराशेजारी मी प्रश्नचिन्ह ठेवते, बाकीचे आडवे उभे भरून झाले की परत त्याच्याकडे यायचं, निम्म्या वेळा तोवर कोडं आपोआप उलगडलेलं असतं.

हा एक तुमच्यासाठी, स्पष्टीकरणासकट लिहून बघा: 'चित्ताला टोळी भेटली, तीच घड्याळाची जागा (४)'. क्रॉसिंगमधून, म्हणजे छेदणाऱ्या दुसऱ्या उत्तरांमधून, दुसरं अक्षर न आणि चौथं ट आलंय असं धरा.