कवळी आणि कृत्रिम डोळा बनवताना या चुका टाळा

कृत्रिम दात आणि डोळा दंतवैद्यकाच्या एकाच विभागात का बनतात, असे आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीहून येणारे काचेचे डोळे बंद झाले, तेव्हा अमेरिकी सैन्यदलांतील दंतवैद्यकीय पथकांनी कवळीच्याच प्लास्टिकमधून, म्हणजे अ‍ॅक्रिलिकमधून डोळे घडवले आणि हे काम आमच्या हाती आले. साहित्य एकच असल्यामुळे चुकाही एकाच वळणाच्या होतात. घडवताना जीव ओतायचा आणि माप घेताना मात्र घाई करायची, ही त्यांतली सर्वांत जुनी.

बुबुळाची जागा चुकवणे हा तिचा ठळक नमुना. माझ्या एका विद्यार्थ्याने एका आजोबांसाठी डोळा बनवला होता. पांढऱ्या भागाची छटा जुळलेली, लाल रेशमी धाग्यांच्या रक्तवाहिन्या अगदी खऱ्यासारख्या, आणि तरीही डोळा बसवल्यावर आजी म्हणाल्या, "हे माझ्याकडे बघतात, पण हा डोळा यांच्या नाकाकडे बघतोय." विद्यार्थ्याने मेणाच्या नमुन्यावर बुबुळाची खूण करताना आजोबांना समोर बसवून स्वतःच्या चेहऱ्याकडे बघायला सांगितले होते. दीड फुटावरच्या वस्तूकडे पाहताना चांगला डोळा आत वळतो, आणि त्याच्याशी जुळवलेली खूणही तितकीच आत सरकते. दोन आठवड्यांचे काम पुन्हा करावे लागले.

म्हणून मी रुग्णाला डोके न टेकवता ताठ बसवतो आणि खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाकडे पाहायला सांगतो. चेहऱ्याच्या मध्यरेषेपासून चांगल्या बाहुलीपर्यंतचे अंतर मोजून तेच दुसऱ्या बाजूला घेतो, आणि खूण केलेले मेण डोळ्याच्या खोबणीत तसेच ठेवून पंधरा मिनिटे त्याच्याशी पिकापाण्याच्या गप्पा मारतो. गप्पांत पापण्या सैल पडतात आणि खोटी जागा उघडी पडते. शेवटचा निर्णय घरच्या माणसाचा, कारण तो चेहरा त्याने आयुष्यभर पाहिलेला असतो. रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नव्हे.

डब्यातून निवडलेला तयार डोळा तासाभरात बसवून देणाऱ्यांविषयी माझे मत चांगले नाही. खोबणीचा ठसा न घेता बसवलेल्या डोळ्यामागे पोकळी राहते, तिथे अश्रू आणि स्राव साचतात, आणि रुग्ण दिवसभर रुमाल लावून बसतो.

कवळीतली माझी नावडती चूक म्हणजे बाइटची उंची, म्हणजे दात मिटल्यावर वरच्या आणि खालच्या जबड्यांत राहणारे अंतर, वाढवणे. सगळे दात गेलेल्या माणसाचा जबडा सैल असताना कवळीच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये साधारण 2 ते 4 मिलिमीटर जागा मोकळी राहायला हवी. रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, गाल जरा भरू द्या." नवशिका सुरकुत्या घालवण्याच्या नादात ती जागाच खाऊन टाकतो. मग बोलताना दात खटखट वाजतात, जबडा दुखतो, हिरड्यांवर जखमा होतात, आणि दर भेटीला जखमेखालचे अ‍ॅक्रिलिक घासले जाते. दुखणे उंचीचे असते, घासून ते जात नाही.

माझी परीक्षा साधी आहे. मेणात दात लावलेली कवळी घालून रुग्णाला साठ ते सत्तर मोजायला लावायचे. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना दात एकमेकांवर आपटले, तर उंची जास्त आहे. वर्षानुवर्षे बोळक्याने खाल्लेली माणसे खालचा जबडा पुढे काढतात, हेही विसरू नये. जिभेचे टोक टाळूच्या मागच्या भागाला लावून हळूच मिटायला सांगितले, की जबडा जागेवर येतो.

जुन्या कवळीने सुजलेल्या हिरड्यांचे माप घेऊ नये. कवळी आधी निदान एक दिवस, शक्यतो दोन दिवस काढून ठेवायला सांगावे. अ‍ॅक्रिलिक थेट उकळत्या पाण्यात शिजवू नये, कारण त्यातला द्रव 100 अंशांच्या आसपास उकळतो आणि आत छिद्रे पडतात. 74 अंशांवर दोन तास, मग उकळत्या पाण्यात एक तास, आणि फ्लास्क, म्हणजे साच्याचा धातूचा डबा, आपोआप निवल्यावरच उघडावा.

रुग्णांच्या चुका वेगळ्या. कवळी गरम पाण्यात टाकली की ती वाकते, मिश्रीने घासली की तिच्यावर ओरखडे उठतात. स्पिरिटने पुसलेल्या कृत्रिम डोळ्यावर बारीक तडे जातात. साबणाचे सौम्य पाणी पुरते, आणि वर्षातून एकदा डोळ्याला पॉलिश करून घ्यावे. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. कवळी टोचली की लोक ती रुमालात बांधून ठेवतात आणि आठवड्याने दाखवायला येतात, तोवर जखम भरलेली असते आणि कुठे घासायचे ते मला दिसत नाही. येण्याआधी निदान काही तास ती तोंडात घालून, वरणभात का होईना, तिनेच खाऊन या.