ओरिगामी शिकताना या चुका टाळा: क्रौंचाची चोच वाकडी का होते?

"काकू, चोच बसंना की ओ!"

सुट्टीत आमच्या ओसरीवर ओरिगामी शिकायला, म्हणजे कागदाला घड्या घालून क्रौंच पक्षी करायला जमणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी रोज हे म्हणतंच. मी चोचीकडे बघत नाही, आधी कागद पूर्ण उलगडायला लावते. चूक बहुतेक वेळा पहिल्या दोन घड्यांतच सापडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चौरस नसलेला चौरस. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. कोपरा दुमडून त्रिकोण केला की ८७ मिलिमीटरची पट्टी उरते. इथपर्यंत ठीक. पण ती पट्टी थुंकी लावून फाडतात! ओली कड फुगते, तंतू सुटतात आणि कडेला कड जुळत नाही. कात्री किंवा मोजपट्टी आणि कटर घ्यायला एक मिनिट लागतं, तेवढा धीर हवाच.

एका वर्षी आमच्या बेळगावच्या वडगावातल्या गल्लीच्या गणपतीसाठी हजार क्रौंचांचं तोरण करायचं ठरलं. जपानात अशा माळेला सेन्बाझुरू म्हणतात. रंगीत कागद एका छापखान्यात १५ सेंटीमीटरचे कापून आणले. मी वरचा कागद मोजला, बरोबर होता. तीन रात्री बायका-पोरं घड्या घालत बसली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माळा ओवताना दिसलं, कित्येक पक्ष्यांच्या पंखाखालून पांढरी किनार डोकावतेय आणि माना एका बाजूला कलल्यात. कापताना गठ्ठा सरकला होता, खालचे कागद एका बाजूने दोन मिलिमीटर जास्त भरले. ते सगळे पक्षी बाजूला काढावे लागले. पोरांची तोंडं उतरली, ती मला अजून आठवतात. तेव्हापासून गठ्ठ्यातला वरचा, मधला आणि खालचा असे तीन कागद काढून दोन्ही कर्णांवर दुमडून बघते. एकाचंही टोक टोकाला जुळलं नाही तर गठ्ठा परत.

दुसरी चूक उघड्या टोकाची. क्रौंचाच्या सुरुवातीला कागदाचा छोटा चारपदरी चौकोन होतो. त्याच्या एका टोकाला कागदाचे चारही कोपरे एकत्र येतात, ते उघडं. समोरचं टोक म्हणजे कागदाचा मधला बिंदू, ते बंद. उघडं टोक आपल्याकडे घेऊनच कडा मध्यरेषेवर आणायच्या. उलट धरलं की पुढची पाकळी उचलतच नाही, मग पोरं ओढतात आणि कागद मधोमध फाटतो. मी बोट लावून चार कोपरे मोजायला लावते, "एक, दोन, तीन, चार", मगच पुढे. नंतर लांबट आकारात जी दोन टोकं चिरलेली असतात त्यांचीच मान आणि शेपटी होते. पंखांना चीर नसते.

व्हिडिओ दुप्पट वेगाने लावून शिकू नका. हातांना तो वेग नसतो. त्यापेक्षा आकृत्या वाचायला शिका. तुटक रेघ म्हणजे दरी घडी (कागद आपल्या बाजूला दुमडायचा), रेघ-टिंब म्हणजे डोंगर घडी (मागच्या बाजूला दुमडायचा). जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावांनी रुजवलेली ही खूण जगभर चालते, म्हणून जपानी येत नसलं तरी जपानी पुस्तकातली आकृती कळते.

कुंद्याच्या, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईच्या, खोक्याचा पुठ्ठा वापरू नका. दुमडला की छपाई तडकून पांढरी रेघ उमटते. झेरॉक्सचा ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद सरावाला पुरतो.

अगदी लहान कागदावर सुरुवात करू नका. १५ सेंटीमीटर बरा.

घडी नखाने घासा, पण टोकं जुळल्यावर. आधी घासलेली चुकीची घडी जात नाही.

आणि आपल्याकडचा पाऊस! खानापूरकडून ढग आले की कागद ओल धरतो, घडी मऊ पडते. ओल धरलेला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, म्हणून उन्हाळ्यात नीट कापलेला चौरस जुलैत किंचित आयत होतो. तंतू कुठल्या दिशेला आहेत ते बघायचं तर वर्तमानपत्र उभं आणि आडवं फाडून बघा, एका दिशेला सरळ फाटतं, ती तंतूंची दिशा, दुसरीकडे वाकडंतिकडं. पावसाळ्यात मी कागद घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, चपलांच्या खोक्यातून येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून, आणि लागतील तेवढेच चौरस त्या दिवशी कापते.