पोकरमध्ये आधी बेट कधी टाकायची?

दिवाळीत धरमपेठेत आमचा चिंचोक्यांवर पोकर रंगतो. बिग ब्लाइंडवर (पानं बघण्याआधीच सक्तीची मोठी रक्कम लावायच्या जागेवर) बसलेले बरेच जण कुठल्याही फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पानांवर), आधी रेझ करणाऱ्याच्या, म्हणजे रक्कम वाढवणाऱ्याच्या आधीच, बेट टाकून, म्हणजे चिंचोके लावून, मोकळे होतात. नका करू. एक्का-राजा-सत्ती आली तर चेक करा, म्हणजे काही न लावता पाळी पुढे द्या, ती पानं रेझ करणाऱ्याकडेच जास्त असतात.

छक्की-पंजी-चौकी उघडली की मात्र चित्र पालटतं. अशी बारकी पानं धरून कॉल (रेझइतकी रक्कम भरून डावात राहणं) ब्लाइंडवालाच करतो. हातात सत्ती-छक्की असेल, तर जोडी आहेच, शिवाय सिक्वेन्स दोन्ही टोकांनी लागू शकतो. इथे चेक केलंत तर समोरचा एक्का-राजा घेऊन फुकटात पुढचं पान बघेल. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ९० चिंचोके असतील तर ३० टाका, तेवढे पुरतात.