पान उलटून बघा, मग पंप उचला

एप्रिल लागला की सोलापुरात आमच्या गल्लीत एकच प्रश्न फिरतो. "काकू, गुलाबाची पानं धुरकट झालीत, पाणी कमी पडतंय का बघा ना." लोक आधी पाणी वाढवतात, मग खत घालतात, शेवटी कीटकनाशकाची बाटली आणतात. तोवर निम्मी पानं गळलेली असतात, आणि पान उलटून मात्र कुणीच बघितलेलं नसतं.

मी अठ्ठावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय मलेरियाचा रिपोर्ट लिहायचा नाही, ही शिस्त अंगात मुरलेली. गच्चीवरच्या सत्तर कुंड्यांनाही मी तोच नियम लावते. रोग दिसल्याशिवाय औषध नाही.

त्यासाठी लागतं काय, तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात तसलं, आणि एक पांढरा कागद. धुरकट दिसणारी फांदी कागदावर धरून टिचकी मारायची. धूळ पडेल, ठिपके पडतील. अर्धा मिनिट थांबायचं. धूळ चालत नाही. जे ठिपके चालायला लागतात ते कोळी, म्हणजेच माइट्स. मग पान उलटून भिंगाखाली घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा जीव, आठ पाय, पाठीवर दोन्ही बाजूंना काळसर डाग. आजूबाजूला मोत्यासारखी गोल अंडी आणि टाकलेली पांढरी कात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, तेव्हा पाय मोजताना गोंधळू नका. वरच्या बाजूने बघाल तर पानावर सुई टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसतात, कारण हा प्राणी पानाची एकेक पेशी फोडून आतलं शोषतो. शेंड्याशी बारीक जाळी दिसू लागली की समजा, वस्ती फार वाढली आहे. गुलाब, वांगी, घेवडा, झेंडू ही त्याची आवडती झाडं.

कोळी म्हणजे कीटक नव्हे, हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची किंमत माझ्या वांग्यांनी मोजली. पहिल्याच उन्हाळ्यात एका दुकानदाराने इमिडाक्लोप्रिड दिलं. मी दोनदा फवारलं, आणि पंधरा दिवसांत चारही झाडं जाळ्यांनी गुंडाळली गेली. ते औषध मावा-तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या कीटकांसाठीचं. कोळी त्याने मरत नाही. मरतात ते कोळ्यांना खाणारे मित्रकीटक. त्याच्या फवारणीनंतर कोळ्यांची वीण वाढल्याचंही संशोधनात दिसलं आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनीही असंच होतं. म्हणून "सगळ्या किडींवर चालतं" असं सांगून कुणी बाटली पुढे केली, तर घेऊ नका.

उपाय पाण्यापासून सुरू होतो. कोळ्याला कोरडी, तापलेली, धुळीची हवा लागते. ओल त्याला सोसत नाही. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, फवारणीच्या हातपंपाचा नोझल पानांच्या खालून वर धरून जोरात धुवायचं. सलग तीन दिवस, मग एक दिवसाआड. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे मी कुंडी टबावर आडवी धरून धुते आणि ते पाणी अंगणातल्या नारळाच्या आळ्यात ओतते. त्याआधी सगळ्यात खराब पानं काढून पिशवीत बांधून टाकते. ती कंपोस्टमध्ये घालू नका. एवढ्यानेच निम्मी लढाई जिंकता येते, हे मी अनुभवाने सांगते.

त्यावर कडुनिंबाचं तेल. एक लिटर कोमट पाणी, ५ मिली तेल, १ ते २ मिली सौम्य द्रव साबण. तेल आणि साबण आधी एकत्र घोटायचं, मग पाण्यात घालायचं. उलटं केलं तर तेल वर तरंगतं आणि पंपातून आधी नुसतं पाणी, शेवटी नुसतं तेल येतं. तयार केलेलं त्याच दिवशी संपवा. फवारणी सूर्य मावळल्यावर, आणि आधी दोन-तीन पानांवर मारून दोन दिवस वाट पाहा, कारण कोवळ्या पानांना साबण भाजतो.

एका फवारणीवर थांबू नका. तिशीतल्या तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला जेमतेम आठवडा लागतो, आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. अंडी बहुतेक वेळा फवाऱ्यातून वाचतात. म्हणून पाच-पाच दिवसांनी तीन वेळा मारायचं. मी कुंडीच्या काठावर मार्करने तारीख लिहिते, नाहीतर कुठल्या झाडाला कितवी फवारणी झाली हे लक्षात राहत नाही.

पाण्यात मिसळणारं गंधक, ८० टक्क्यांचं, लिटरला २ ग्रॅम, हे कोळ्यावरचं जुनं आणि चांगलं औषध. भुरीवर, म्हणजे पानावरच्या पांढऱ्या बुरशीवरही चालतं. पण पारा ३२ अंशांच्या वर असेल तर पानं करपतात, म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात त्याला हात लावायचा नाही. तेलाची फवारणी झाली असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. काकडी, दोडका, कारलं यांच्यावर नकोच. तोंडावर मास्क हवा.

आता मिरची. मला सगळ्यात जास्त फोटो मिरचीचेच येतात, आणि सगळे एकच शब्द वापरतात: बोकड्या. पण पानं आखडण्याची कारणं तीन आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे. पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून उलटी होडी झाली, देठ लांबले, पान अरुंद झालं आणि खालून तांबूस चकाकी आली, तर हा दुसराच कोळी, सुमारे ०.२ मिलिमीटरचा. दहा पटीच्या भिंगात तो जेमतेम जाणवतो, म्हणून इथे पानाच्या आकारावर भरवसा ठेवायचा. आणि पानं लहान, पिवळसर, चुरगळलेली, झाड खुजं राहिलेलं, आसपास पांढरी माशी उडतेय, तर तो बहुधा विषाणू. त्याला औषध नाही. झाड उपटून टाका, बाकीची वाचवा. मन घट्ट करावं लागतं, मला अजूनही ते जड जातं.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि कडुनिंब. छोट्या कोळ्यासाठी आधी आखडलेले शेंडे छाटून पिशवीत भरायचे, कारण त्याची वस्ती तिथेच असते; मग हवा थंडावल्यावर गंधक. हा कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना धरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, तेव्हा माशीसाठी पिवळे सापळेही लावा.

जास्वंदीवर कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेण असतं, पाणी घसरून जातं. मी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून एकेक पुंजका पुसते. झाड मोठं असेल तर आधी फांद्या छाटते. आणि मुंग्या! मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करतात. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवा, भिंतीला टेकलेली फांदी तोडा. मुंग्यांचा रस्ता बंद केल्याशिवाय ढेकूण जात नाही.

इथे एक काळजी घ्या. पिठ्या ढेकणांत एखादा थोरला, झिपऱ्या, पांढरा जीव झपाझप चालताना दिसला तर त्याला मारू नका. ती क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी, ढेकणांवरच जगणारी. हा ढालकिडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. २००८ मध्ये कोइमतूरकडे पपईवर नवा पिठ्या ढेकूण आला, तेव्हा २०१० मध्ये परदेशातून आणलेल्या इवल्या परजीवी माशीनेच त्याला आवरलं. गच्चीवर अशी मदत आपोआप येते, आपण विष मारून ती घालवतो.

मावा तर पाण्याच्या जोरानेही पडतो. कढीपत्त्याच्या खोडावरची खवले कीड जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासायची. लिंबाच्या पानावर नागमोडी रेघ दिसली की नागअळी. ते पान खुडून टाका.

एवढं करूनही कोळी आटपत नसेल आणि कोळीनाशकच घ्यायचं ठरलं, तर डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घरात लाल आणि पिवळा येऊ देऊ नका. लेबलावर तुमच्या झाडाचं नाव हवं आणि भाजी तोडण्याआधी किती दिवस थांबायचं तेही. ते नसेल तर खायच्या झाडावर नको. फुलं उमललेली असताना मधमाश्या येतात, त्या वेळी काहीच फवारू नका.

तिसऱ्या फवारणीनंतर पाच दिवसांनी पुन्हा कागदावर टिचकी मारा. चालणारे ठिपके दोन-चारच असतील तर थांबा, फक्त पाण्याने धूत राहा. जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाले की कोळी आपसूक ओसरतो. तेव्हा पंप धुऊन वाळवून ठेवून द्या आणि रात्री टॉर्च घेऊन कुंड्यांच्या बुडाशी गोगलगायी शोधा.