कॅनडात वर्क परमिटवर असताना दिवस राहिले, तर ओहिप कार्ड कसं मिळवावं

जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे १४, पोटात सातवा आठवडा आणि उठल्यापासून दोनदा उलटी. मिसिसागातल्या सर्व्हिस ऑन्टारियोच्या (प्रांताच्या सरकारी सेवा केंद्राच्या) रांगेत मी पाऊण तास उभी होते. काउंटरवरच्या बाईंनी वर्क परमिट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, घराचा करार पाहिला आणि कंपनीच्या पत्रावर पेनाचं टोक टेकवलं. “यात फुल-टाइम असं कुठं लिहिलंय?” पत्रात हुद्दा होता, पगार होता, रुजू झाल्याची तारीख होती. आठवड्याला ३७.५ तास, असंही होतं. पण फुल-टाइम हा शब्द नव्हता, आणि नोकरी निदान सहा महिन्यांची आहे हेही कुठं नव्हतं. तशीच परत आले. बाईंचं काही चुकलं नव्हतं. एचआरनं दुसऱ्याच कामासाठीचा साचा छापून दिला होता आणि मी तो न वाचता पिशवीत टाकला होता.

ओहिप म्हणजे ऑन्टारियो प्रांताचा सरकारी आरोग्य विमा. तो कार्डावर असला की डॉक्टरची फी, रक्ततपासण्या, सोनोग्राफी, डिलिव्हरी, सिझेरियन, एपिड्युरल (कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) यातल्या कशाचंच बिल हातात पडत नाही. नसला, तर साध्या बाळंतपणाचाही खर्च हजारो डॉलरांत जातो. तुम्ही गरोदर आहात म्हणून हे कार्ड (इथं त्याला हेल्थ कार्ड म्हणतात) मिळत नाही आणि गरोदर आहात म्हणून अडतही नाही. सगळं अडतं ते कागदावर आणि तारखांवर.

आधी पात्रता बघा

वैध वर्क परमिट हवं, आणि ऑन्टारियोतल्या मालकाकडे निदान सहा महिन्यांची सलग फुल-टाइम नोकरी हवी. सहा महिने आधीच भरलेले असायला हवेत, असा याचा अर्थ नाही. नोकरी तेवढी चालणार आहे, हे मालकानं लिहून द्यायचं असतं. परमिट एकाच कंपनीला बांधलेलं असो की ओपन, मालकाचं पत्र लागतंच. नवरा पात्र असेल तर बायको पात्र, बायको असेल तर नवरा, आणि २२ वर्षांखालची मुलंही.

“पहिले तीन महिने काही मिळत नाही,” असं जुनी मंडळी अजून छातीठोकपणे सांगतात. ऑन्टारियोनं ती तीन महिन्यांची अट मार्च २०२० मध्ये काढली. विमानातून उतरून घर आणि नोकरी लागली की लगेच अर्ज करता येतो. करा. दिवस राहण्याची वाट बघू नका.

कंपनीचं पत्र

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात तुमचं पूर्ण नाव (पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर त्यासकट), हुद्दा, कामाचं ऑन्टारियोतलं ठिकाण, फुल-टाइम हा शब्द, निदान सहा महिने सलग नोकरी असल्याचं एक वाक्य, तारीख आणि सही. एचआरला मेल करताना ही वाक्यं आपणच लिहून पाठवावीत, म्हणजे त्यांनाही सोपं जातं. कारण विचारलं तर “हेल्थ कार्डसाठी” एवढं पुरे. गरोदरपणाचा उल्लेख पत्रात लागत नाही आणि ती बातमी कंपनीला कधी द्यायची, ते तुम्ही ठरवा.

काउंटरवर

अर्ज स्वतः जाऊन द्यायचा असतो. तीन वेगवेगळे मूळ कागद न्या: परमिट, ऑन्टारियोत राहत असल्याचा पुरावा (घराचा करार, बँक स्टेटमेंट, विजेचं बिल) आणि ओळखीसाठी पासपोर्ट. एकच कागद दोन कामांना चालवायला जाऊ नका. सोबत कंपनीचं पत्र. जोडीदाराच्या जोरावर अर्ज असेल तर विवाह प्रमाणपत्र. ग्रामपंचायतीचं जुनं प्रमाणपत्र नुसतं मराठीत असतं. ते असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. कार्डाला पैसे पडत नाहीत. ते टपालानं येतं आणि त्याला काही आठवडे लागतात, म्हणून तिथं मिळालेली पावती जपून ठेवा आणि पत्रपेटीवर आपलं नाव आहे ना, ते बघा. बेसमेंट भाड्यानं घेतलेल्यांची कार्डं वरच्या मजल्यावर जाऊन पडतात.

दोन तारखा शेजारी लिहा

ड्यू डेट आणि परमिट संपण्याची तारीख. या दोन तारखा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. परमिटवरच्या माणसाचं हेल्थ कार्ड परमिटबरोबरच संपतं, आणि सातव्या-आठव्या महिन्यात हे लक्षात आलं तर फार धावपळ होते. परमिट संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज गेलेला असेल, तर निर्णय येईपर्यंत त्याच अटींवर राहता येतं आणि कामही करता येतं. अर्जाची पोच आणि कंपनीचं ताजं पत्र घेऊन कार्डासाठी पुन्हा काउंटरवर जा. बाळंतपणाच्या रजेवर असलात तरी तुम्ही कर्मचारीच असता, तेव्हा पत्रात तसं लिहून घ्या.

पहिलं बाळंतपण माहेरी?

हा प्रश्न आपल्याकडे येतोच, आणि आई फोनवर रडली की त्याचं उत्तर देणं अवघड होतं. पण आकडे ऐकून घ्या. ऑन्टारियोत राहायला आल्यावर पहिल्या १८३ दिवसांपैकी १५३ दिवस तुम्ही प्रत्यक्ष प्रांतात असायला हवं. म्हणजे बाहेर राहायला मिळतात जेमतेम ३० दिवस. पुढेही कुठल्याही १२ महिन्यांत १५३ दिवस भरावे लागतात. नुकत्याच आलेल्या बाईनं सातव्या महिन्यात सांगली किंवा नाशिक गाठलं आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ती परतली, तर तिचं ओहिप धोक्यात येतं. शिवाय तिकडच्या दवाखान्याचा खर्च आपला. आणि परमिटवरच्या जोडप्याचं बाळ भारतात जन्मलं, तर ते कॅनडाचं नागरिक नसतं. त्याला इकडे आणायला व्हिसाची वेगळी खटपट. तरीही माहेरीच जायचं ठरवलं, तर ठरवा. फक्त हे माहीत असू द्या.

आईला इकडे बोलावणं हा दुसरा मार्ग. पाहुणे म्हणून आलेल्या आईला किंवा सासूबाईंना ओहिप मिळत नाही. त्यांचा प्रवास विमा काढल्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका.

डॉक्टर की मिडवाईफ

फॅमिली डॉक्टर मिळणं इथं कठीण आहे. तोवर वॉक-इन क्लिनिकमध्ये (अपॉइंटमेंटशिवाय बघणाऱ्या दवाखान्यात) जाऊन गरोदरपणाच्या पहिल्या तपासण्या आणि पुढच्या डॉक्टरची चिठ्ठी घेता येते. उशीर करू नका. पहिल्या तिमाहीतली रक्तचाचणी आणि सोनोग्राफी साधारण ११ ते १४ आठवड्यांतच होते. ती वेळ गेली की गेली. साखरेची चाचणी २४ ते २८ आठवड्यांत असते. आपल्या दक्षिण आशियाई बायकांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त, तेव्हा ती चुकवू नये. रात्री-अपरात्री शंका आली तर ८११ फिरवा, नर्सशी फुकट बोलता येतं.

मिडवाईफ म्हटलं की घरून पहिली प्रतिक्रिया “सुईण? कॅनडात?” अशीच येते. ऑन्टारियोतल्या मिडवाईफ चार वर्षांची पदवी घेतलेल्या आणि १९९४ पासून कायद्यानं मान्यता मिळालेल्या आहेत. त्या हॉस्पिटलमध्येही डिलिव्हरी करतात, काही गुंतागुंत दिसली तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवतात, आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे आई-बाळ दोघांकडे बघतात. सुरुवातीला घरीही येतात. बाहेर बर्फ आणि टाके ओले असताना याची किंमत कळते. मात्र त्यांच्या जागा लवकर भरतात, तेव्हा चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात फोन करा.

कार्ड नसेल तर

पार्ट-टाइम काम, किंवा सहा महिन्यांहून कमी करार, अशा वेळी ओहिप मिळत नाही. तरीही मिडवाईफची फी लागत नाही, कारण ऑन्टारियोत राहणाऱ्या विमा नसलेल्या बायकांसाठीही तो खर्च सरकार देतं. हॉस्पिटल, लॅब आणि इतर डॉक्टरांची बिलं मात्र वेगळी येऊ शकतात. जवळच्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये चौकशी करा. विमा नसलेल्यांनाही ही केंद्रं बघतात. हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाशी डिलिव्हरीच्या आधीच बोलून हप्ते ठरवा. कोविडच्या काळात विमा नसलेल्यांचा हॉस्पिटलचा खर्च सरकार उचलत असे. ती सोय ३१ मार्च २०२३ ला संपली, जुन्या माहितीवर विसंबू नका. आणि दिवस राहिल्यावर घेतलेला खासगी विमा बाळंतपणाला सहसा उपयोगी पडत नाही. पॉलिसीतलं ‘प्रेग्नन्सी’ कलम वाचूनच पैसे भरा.

कार्ड असूनही काही खर्च राहतोच. गोळ्या-व्हिटॅमिन आपल्या खर्चानं किंवा कंपनीच्या विम्यातून. स्वतंत्र खोली हवी तर जादा पैसे. अँब्युलन्सचे ४५ डॉलर. कार्ड नसेल तर २४०.

रजा आणि पैसे

ड्यू डेटच्या निदान १३ आठवडे आधी त्या कंपनीत रुजू झालेल्या असलात, तर १७ आठवड्यांची गर्भारपणाची रजा कायद्यानं मिळते, पुढे ६१ आठवड्यांपर्यंत पालकत्व रजा. परमिटवाल्यांनाही. दोन आठवडे आधी लेखी कळवायचं. रजेचे पैसे ईआयमधून (केंद्र सरकारच्या रोजगार विम्यातून) येतात, त्यासाठी ६०० तास भरलेले लागतात: आठवड्याला ३७.५ तास धरले तर बरोबर १६ आठवडे. आपला सिन नंबर (काम आणि सरकारी भत्त्यांसाठीचा ओळख क्रमांक) ९ ने सुरू होतो आणि तोही परमिटबरोबर संपतो. त्याची मुदत वाढवून घ्या, नाहीतर ईआयचा अर्ज लटकतो.

गरोदर आहे म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. एकाच कंपनीला बांधलेलं परमिट असल्यानं मालक छळत असेल, तर अशांसाठी वेगळं ओपन परमिट २०१९ पासून मिळतं.

इतर प्रांतांत

क्युबेकमध्ये प्रतीक्षाकाळ तीन महिन्यांपर्यंत असतो, पण गरोदरपण आणि बाळंतपणाच्या सेवा त्या काळातही मिळतात. ब्रिटिश कोलंबियात आलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं, तोवर खासगी विमा हवाच.

बाळ आल्यावर

इथं जन्मलेलं बाळ कॅनडाचं नागरिक. त्याचं घर ऑन्टारियोत असेल तर ओहिप त्याला स्वतःच्या हक्कानं मिळतं, आईकडे कार्ड नसलं तरी. हॉस्पिटलमध्ये किंवा मिडवाईफकडून एक फॉर्म मिळतो, तो तिथंच भरा. खालचा तुकडा फाडून देतात. कार्ड येईपर्यंत डॉक्टरकडे तोच दाखवायचा. माझा तुकडा दोन महिने डायपरच्या पिशवीत होता, शेवटी शेवटी आकडे पुसत चालले होते. फोटो काढून ठेवा.

जन्माची नोंदणी ऑनलाइन, ३० दिवसांत. जन्मदाखला, सिन आणि बालभत्त्याचा अर्ज त्याबरोबरच होतो. बालभत्त्याला मात्र परमिटवाल्या पालकानं आधीचे १८ महिने कॅनडात राहिलेलं असावं लागतं आणि १९ व्या महिन्यातही परमिट वैध असावं लागतं. तेवढे महिने झाले नसतील तर ती तारीख फ्रिजवरच्या कागदावर तिसरी म्हणून लिहा. बारसं बाराव्या दिवशी केलंत तरी नोंदणीला अडीच आठवडे उरतात. नाव व्हिडिओ कॉलवर आत्यानं ठेवलं तरी चालेल, स्पेलिंग मात्र तिच्याकडून लेखी मागवा.