जिरे धरणात ओतू नका: श्रावण ते दिवाळी, जलाशयातल्या मत्स्यबीजासाठी सल्ला

धरणाचं पाणी चढू लागलं की उजनीच्या काठावर, आणि उजनीच कशाला, राज्यातल्या बहुतेक जलाशयांवर एकच घाई सुरू होते. बीज टाकून मोकळं व्हायचं. मासेमारीच्या ठेक्याची अट पुरी होते, पंचनामा होतो, फोटो निघतो. पिशव्यांतून पाण्यात जातं ते मात्र जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली जिऱ्याएवढी पिल्लं असतात, नाहीतर जेमतेम इंचभर बीज. पुढच्या उन्हाळ्यात जाळ्याला चिलापी (तिलापिया) भरभरून लागते आणि कटला-रोहू शोधावा लागतो. मग कोणी बीजवाल्याला बोल लावतो, कोणी पुण्याकडून येणाऱ्या घाण पाण्याला. पाणी घाण आहे हे खरंच आहे. पण माझ्या डोळ्यांदेखत जे बीज वाया गेलं, त्यातलं बहुतेक लहान सोडलं म्हणून गेलं. बाकीची कामं खाली थोडक्यात दिली आहेत. वेळ कमी असेल तर ती वाचू नका, पण बीजाची लांबी पट्टीनं मोजा.

धरणात मासा खातो काय, हे आधी समजून घ्या. वाहत्या भीमेत मळ्यासारखा मासा दगडावरचं शेवाळ खरवडून जगतो. धरण झालं की तोच दगड चाळीस-पन्नास फूट पाण्याखाली जातो. तिथं ऊन पोचत नाही, शेवाळ धरत नाही. काठही एका जागी राहत नाही. उजनीची एकूण साठवण 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृत साठा. वरचं पाणी दर वर्षी चढतं-उतरतं, आणि वाईट साली धरण उणेत, म्हणजे मृत साठ्याच्याही खाली जातं. एवढ्या चढउतारात काठाला पाणवनस्पती, शिंपले, अळ्या यांचं बस्तान बसत नाही. म्हणून जलाशयाचा मुख्य चारा म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवंग.

मोठ्या माशांनी हा चारा वाटून घेतलेला असतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातले प्राणी प्लवंग गाळून खातो. रोहू मधल्या थरात, कुजकी पानं आणि काड्या-धसकटांवरचं शेवाळ खातो. मृगळ तळाचा गाळ आणि त्यातला कुजका पाला खातो. तिघांचं एकमेकांमुळे अडत नाही, म्हणून तिन्ही जाती एकत्र सोडतात. हे सगळ्या मच्छीमार संस्थांना पाठ आहे. जे लक्षात घेतलं जात नाही ते असं: ही वाटणी मोठेपणीची आहे. जिरे आणि लहान बीज, मग ते कटल्याचं असो की मृगळाचं, सगळं प्राणी प्लवंगावरच जगतं. लाखो पिल्लं एकाच ताटावर बसतात, आणि आपण ती बसवतो नेमक्या त्या आठवड्यात, जेव्हा ते ताट रिकामं असतं.

कारण पुराचं पाणी. वरच्या धरणांतून विसर्ग सुटला की गढूळ लोंढा येतो. त्या पाण्यात ऊन शिरत नाही, वनस्पती प्लवंग वाढत नाहीत, त्यांच्यावर जगणारे प्राणी प्लवंगही नाहीत, आणि जे होते ते सांडव्यावाटे खाली वाहून गेलेले असतात. अशा पाण्यात सोडलेलं इंचभर बीज दोन-तीन दिवसांत उपासानं मरगळतं. मरगळलेलं पिल्लू पळत नाही. काठाला मरळ, शिंगाडा, वाम आणि चिलापीचे थवे बसलेलेच असतात. शिकारी मासा आपल्या तोंडात मावेल तेवढंच गिळतो. कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढं वाढलेलं बीज, चार इंचांची झाली की तिचं अंग रुंद होतं आणि बऱ्याच तोंडांत ती मावत नाही. म्हणून बॅरकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था जलाशयासाठी 100 मि.मी.पेक्षा मोठी बोटुकली सांगते. शंभर मिलिमीटर म्हणजे चार बोटं नव्हे, दहा सेंटिमीटर. शाळेची पट्टी घेऊन या आणि बीजवाल्यासमोर मोजा. तो 'साईज चांगली आहे' म्हणेल. तरी मोजा.

आता हिरव्या पाण्याबद्दल, कारण उजनीकाठी यावर फार गैरसमज आहे. "पाणी हिरवं आहे, चाऱ्याला तोटा नाही" असं चेअरमनपासून खलाशापर्यंत सगळे म्हणतात. उन्हाळ्यात काठाला जी हिरवी साय जमते ती बहुतेक निळ्या-हिरव्या शेवाळाची असते. कटल्याला, रोहूला पोट म्हणजे जठर नसतंच, नुसतं लांब आतडं असतं. ते शेवाळ त्यांना नीट पचत नाही. चिलापीच्या जठरात आम्ल इतकं तीव्र असतं की ती हे शेवाळ फोडून पचवते. मूळ आफ्रिकेतला, 1952 साली भारतात आणलेला हा मासा आपल्या धरणांत इतका का माजला, त्याचं एक मोठं कारण हेच. म्हणजे पाणी जितकं हिरवं, तितकी चिलापीची चंगळ. त्यात तुम्ही इंचभर कटला सोडलात, तर तो चिलापीला खाद्य म्हणूनच सोडलात.

आणि यावर उपाय म्हणून दुकानदार डबे दाखवतो. प्रोबायोटिक, झिओलाइट, ग्रोथ प्रमोटर, "प्लँक्टन बूस्टर". शेततळ्यात यातलं काही उपयोगी पडतं की नाही हा वेगळा वाद. हजारो हेक्टर पाण्यात ती पावडर टाकणं म्हणजे संस्थेचे पैसे सांडव्यातून सोडणं. त्याच पैशात बीज सोडण्याआधी दोन महिने सांभाळता येतं. तेवढंच करायचं आहे.

आत्ता, श्रावणात, संगोपनाचं तळं भरलं तर आज घेतलेलं इंचभर बीज दिवाळीच्या आसपास बोटुकली होतं. उशीर केलात तर पाणी गार पडेल, वाढ मंदावेल आणि माघात तुमच्या हातात अर्धबोटुकलीच राहील. पुढचा पाऊस कसा, परतीचा कसा, याची वाट पाहू नका. या आठवड्यात तळं तयार करा.

संगोपन तळ्याची तयारी, एकरी सरकारी मात्रेनुसार:
– जुने शिकारी मासे काढणं: तळं सुकवणं, किंवा बीज सोडण्याआधी तीन आठवडे मोहाची पेंड (मीटरभर पाण्याला एकरी सुमारे 1000 किलो)
– चुना: मातीचा सामू पाहून
– शेंगदाणा पेंड 300 किलो, ओलं शेण 80 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 20 किलो. निम्मं भिजवून बीजाच्या 2–3 दिवस आधी, उरलेलं हप्त्यांनी
– पाणकिड्यांसाठी: खाद्यतेल 22 किलो आणि साबण 7 किलो यांचं मिश्रण, वारा पडलेला असताना, बीजाच्या 12 ते 24 तास आधी
– बीज: एकरी सुमारे लाखभर
– खाद्य: शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, सुरुवातीला वजनाच्या 8 ते 10 टक्के रोज, नंतर कमी
– ढगाळ, कुंद दिवशी खाद्य बंद

पेंड-शेण टाकल्यावर तळ्यातलं पाणी प्लवंग जाळीतून गाळून पाहा. 50 लिटर पाण्यातून नळीच्या तळाशी 1 ते 2 मि.ली. प्राणी प्लवंग बसले तर बीज सोडायला हरकत नाही. जाळी नसेल तर पहाटे पेल्यात पाणी घेऊन उजेडाकडे धरा. तांबूस ठिपके झटके देत हलताना दिसले तर चारा तयार आहे. हे शास्त्रात लिहिलेलं नाही, पण मी यावर विश्वास ठेवतो.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात हे करायचं असेल तर जपून करा. तिथं मातीचा तळ नाही, शेण थेट ओतलं की पाणी एका रात्रीत बिघडतं. शेण गोणीत भरून कोपऱ्यात टांगा आणि मृगळाचं प्रमाण कमी ठेवा, त्याला खायला तळच नसतो. शेततळंही नसेल तर जलाशयाच्याच वाऱ्याआडच्या कोपऱ्यात हापे, म्हणजे बारीक जाळीचे पाण्यातले कप्पे, बांधा. हाप्याची जाळी दर आठवड्याला घासली नाही तर शेवाळ धरून पाणी खेळत नाही आणि पिल्लं गुदमरतात. हे काम कोणावर तरी नावानिशी सोपवा. सगळ्यांचं काम म्हटलं की कोणी करत नाही.

चंदेरा (सिल्व्हर कार्प) स्वस्त मिळतो म्हणून तो भरू नका. भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात 1971 मध्ये चंदेरा अपघातानं शिरला आणि पुढं त्यानं कटल्याची जागा घेतली, कारण दोघांचा चारा वरच्या थरातलाच. थायी मांगूरला तर कायद्यानंच बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

सोडण्याची वेळ. सांडव्याचे दरवाजे बंद झाले पाहिजेत, पाणी निवळलं पाहिजे. हात कोपरापर्यंत बुडवा, बोटं दिसली तर पाणी निवळलं असं मी धरतो. आश्विनात आणखी एक गोष्ट जमून येते. गाळपेराची, म्हणजे धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडून उन्हाळ्यात पिकलेली जमीन पाण्याखाली जाऊन काही आठवडे झालेले असतात. धसकटं कुजतात, त्यांच्यावर शेवाळाचा थर आणि अळ्या धरतात. रोहू-मृगळाच्या बोटुकलीला धरणात वर्षभरात याहून चांगला चारा मिळत नाही. म्हणून बीज भिंतीजवळच्या खोल पाण्यात न टाकता, बुडालेल्या गाळपेरावर, ओढ्याच्या तोंडाशी सोडा. मात्र ज्या गाळपेरावर शेवटच्या पंधरवड्यात कीटकनाशक मारलं होतं तो तुकडा टाळा, शेतकऱ्याला विचारा.

सोडताना:
– पिशवी 15–20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवणं, मग थोडं थोडं धरणाचं पाणी आत घेणं
– 2 ते 3 टक्के मिठाच्या पाण्यात काही मिनिटं बुडवणं, बीज उलटं होऊ लागलं की लगेच बाहेर
– एकाच जागी सगळं न ओतणं
– वेळ: संध्याकाळ
– किती सोडायचं: जलाशयाचं क्षेत्र पाहून मत्स्यव्यवसाय विकास अधिकाऱ्याकडून लेखी घेणं

धरणात पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. पंगस माशाला गोळी खाद्य टाकताना पाण्यावर दहा-पंधरा मिनिटांनंतरही गोळ्या तरंगताना दिसत असतील तर तुम्ही पिंजऱ्याबाहेरची चिलापी पोसताय. खाद्यवाला टक्केवारीचा तक्ता देईल. तो तक्ता उन्हाच्या दिवसांसाठी आहे, आभाळ भरलं की निम्म्यावर या. आणि पिंजऱ्याखाली पाणी किती उरेल याचा हिशेब भरलेल्या धरणावर करू नका, मे महिन्यातल्या पातळीवर करा.

भोई बांधवांनो, बोटुकली सोडूनही वडाप, म्हणजे बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्याची मासेमारी, चालू राहिली तर सगळं फुकट जाईल. अशा जाळ्यात बोटभर कटला शेकड्यानं येतो आणि वाळवून मातीमोल जातो. पहिल्या पावसातल्या चढणीच्या माशांनाही ओढ्यात जाळं आडवं लावू नका. कटला-रोहू धरणात भरवशानं वीत नाहीत, पण आपले नदीचे मासे त्याच चढणीवर वितात, आणि दर वर्षी विकत न आणता मिळणारी मासळी तेवढीच उरली आहे.

शेवटी एक काम, ज्याला पैसा लागत नाही. भिगवणला, इंदापुरात, जिथं मासा कापला जातो तिथं आठवड्यातून एकदा उभे राहा आणि आतडी पाहा. मृगळाच्या आतड्यात गाळ असणारच. कटल्याच्या आतड्यात गाळ दिसू लागला तर माझा अंदाज असा, की वरच्या थरातला चारा संपला आहे आणि तो नाइलाजानं खाली उतरला आहे. असं सलग काही आठवडे दिसलं तर पुढच्या वर्षी कटल्याचं बीज कमी करून रोहू वाढवा. दिसलेलं वहीत महिन्यानुसार लिहा आणि पुढच्या ज्येष्ठात बीजाची मागणी नोंदवताना ती वही संस्थेच्या बैठकीत घेऊन जा.